काकडीच्या पाच बियांची कहाणी

ऐक वेलीबाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, नगराबाहेर मळा होता. मळ्यात एक माळी होता, त्याची बायको राजुली. माहेरची एकुलती, लाडाची. ऊन अंगावर येई तेव्हा उठे. हसू नका, आपणही माहेरी तशाच होतो.

लग्नात आईनं तिला चिंधीत काकडीचं बी बांधून दिलं. म्हणाली, "लेकी, हे आपल्या वेलीचं बी. दोन पानं फुटली की चुलीची राख दे. मांडवावर चढेतो वसा सोडू नको. वेल आहे तोवर तुझं माहेर आहे." राजुली बरं म्हणाली, चिंधी फडताळात ठेवली, विसरली. आईच दर वर्षी परडीभर काकड्या पाठवी.

मग आई गेली. मग परडी यायची थांबली. तेव्हा राजुलीला चिंधी आठवली. सोडून बघते, तो बी किडलेलं. निवडता निवडता पाच दाणे चांगले निघाले.

माघ महिना होता. तिनं पाच आळी केली, पाच बिया लावल्या, पाच वेली उगवल्या. राजुली हरखली. मग तांबडे भुंगेरे आले. दिसायला कुंकवाचे ठिपके, खायला राक्षस! पानांची चाळण झाली. राजुली उठली, न्हाली, स्वयंपाक केला, जेवणं आवरली, मग राख घेऊन गेली. दुपारचं वारं, राख उडाली, तिच्याच डोळ्यांत गेली. भुंगेरे उडाले, फिरून बसले. पहिल्या दिवशी एक वेल गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी दोन गेल्या. एक उरली. राजुली बांधावर बसून रडू लागली.

वाटेनं माहेरची कासारीण आली, डोक्यावर बांगड्यांची पाटी. "कां गं रडतेस, बाई?"

"मावशी, राख दिली तरी आईची वेल जाते. वेल गेली की माझं माहेर गेलं."

"राख कधी देतेस?"

"जेवणं झाल्यावर."

"आणि आई कधी देई?"

"मी पाहिलंच नाही, मावशी. मी निजलेली असे. आई येई, पदरानं माझं तोंड पुशी. पदर ओला असे. मी ओरडे, नको गं, गार लागतं."

"ओला कशानं असेल, बाई?"

राजुलीनं वेलीकडं पाहिलं. "दंवानं," ती म्हणाली.

"दंवात पान ओलं असतं, राख धरतं. भुंगेराही गारठलेला असतो. हातानं वेच, मग राख दे."

दुसऱ्या दिवशी राजुली तांबडं फुटायला उठली. भुंगेरे वेचले, राख धुरळली, राख पानाला धरली. पदर भिजला. तो ओला पदर तोंडावर घेतला आणि आई आई म्हणून पोटभर रडली.

तिनं वसा सोडला नाही. वेल मांडवावर चढली. चैत्रात काकड्या लागल्या. पहिली काकडी तिनं वेलीवरच पिकू दिली, तिचं बी धरलं.

पुढं राजुलीला लेक झाली. लाडाची, उशिरा उठणारी. लेक सात वर्षांची झाली, तशी राजुलीनं एका पहाटे तिला उठवलं, हाताला धरून दंवात नेलं. लेक कुरकुरली, "आई, गार लागतं गं."

राजुली म्हणाली, "लागू दे. लक्षात राहील."

जशी वेलीबाई राजुलीला फळली, तशी तुम्हां आम्हां फळो. ज्यांच्या आया गेल्या, त्यांच्या दारी माहेर उगवो. ही साठां उत्तरांची कहाणी, पाच बियांत सुफळ संपूर्ण.