लिविया कुठे राहते?

पुष्कळ वर्षांपूर्वी, राजाच्या पुतळ्यापुढे धूप न जाळणाऱ्याला दगडाच्या खाणीत धाडत असत, त्या काळातली ही गोष्ट. समुद्राकाठच्या एका नगरात ख्रिस्ताला मानणाऱ्यांची एक लहानशी मंडळी होती. असतील चाळीस-पंचेचाळीस माणसं.

त्यांना प्रार्थनामंदिर नव्हतं. संध्याकाळी ती सगळी लिविया नावाच्या रंगारणीच्या अंगणात जमत. लिविया सूत रंगवायची, त्यामुळे तिचे हात कोपरापर्यंत निळे असत. अंगणात एका बाजूला रंगाची पिंपं आणि दुसऱ्या बाजूला एक लांबलचक चटई. त्या चटईवर हमाल बसे, कुंभार बसे, जमीनदाराची विधवा बसे आणि तिच्याच घरची दासी तिच्या मांडीला मांडी लावून बसे. एका परातीतली भाकर मोडून सगळे जेवत. एका वर्षी पीक बुडालं, तेव्हा त्या विधवेने आपली दोन शेतं विकून सगळ्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या. तिला कुणी दानशूर म्हटलं नाही. ती आपली त्याच चटईवर बसत राहिली.

या मंडळीत मार्सेल नावाचा एक सुतार होता. एके दिवशी राजाचे शिपाई आले आणि त्याला खाणीत घेऊन गेले. घरी त्याची म्हातारी आई एकटी उरली.

तीन वर्षांनी खाणीत एक नवा कैदी आला. तो त्याच नगरातला होता. तो म्हणाला, "मार्सेल, तुझी आई गेली. पण दादा, ती एकटी नव्हती. तुला नेलं त्याच दिवशी लिविया तिला आपल्या घरी घेऊन गेली. शेवटचं पाणीसुद्धा लिवियानेच पाजलं."

मार्सेल रात्रंदिवस दगड फोडत राहिला. आईचं दुःख होतंच, पण आपल्यामागे आपली माणसं आहेत, हा आधार त्याहून मोठा होता. त्या आधारावर त्याने खाणीतली सगळी बावीस वर्षं पुरी केली.

मधेच राजा बदलला. नवा राजा मंडळीवर मेहेरबान झाला, पण दूरच्या खाणीतले कैदी सुटायला आणखी आठ वर्षं गेली. मार्सेल अकरा दिवस पायी चालत आपल्या नगराला आला. लिवियाला भेटल्यावर काय बोलायचं, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

तो रविवारी सकाळी पोचला. लिवियाच्या अंगणाच्या जागी त्याला एक भव्य प्रार्थनामंदिर दिसलं. उंच खांब, रंगीत छत, आत तीनशे माणसं. गाणं इतकं गोड चाललं होतं की मार्सेलच्या डोळ्यांत पाणी आलं. दारावरचा माणूस अदबीने म्हणाला, "या बंधू, मागे जागा आहे."

उपासनेच्या शेवटी प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीचा लहानसा तुकडा ठेवण्यात आला. मार्सेलला वाटलं, ही तर सुरुवात आहे, आता चटई अंथरतील. पण माणसं उठली, एकमेकांना नमस्कार केले आणि आपापल्या वाटेने निघाली.

मार्सेल चकित होऊन शेजाऱ्याला म्हणाला, "आणि जेवण?"

"जेवण? ते ज्याचं त्याच्या घरी," शेजारी हसून म्हणाला.

तेवढ्यात मंडळीचे वडील, म्हणजे तिचे प्रमुख, फाबियान यांनी त्याला ओळखलं. फाबियान लहानपणी त्याच अंगणात, त्याच चटईवर जेवले होते. त्यांनी धावत येऊन मार्सेलला मिठी मारली आणि निघालेल्या लोकांना हाक दिली, "थांबा, थांबा! हा बघा आपला मार्सेल! याने बावीस वर्षं खाणीत काढली, पण धूप जाळला नाही! पुढच्या रविवारी हाच आपल्याशी बोलेल."

"बोलेन," मार्सेल म्हणाला. "पण आधी मला लिवियाला भेटू द्या. ती कुठे आहे?"

"असेल की इथेच. तिसऱ्या खांबापाशी बसते ती."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. खांबापाशी कुणी नव्हतं.

"गेल्या रविवारीही नव्हती वाटतं," एक बाई म्हणाली.

"होती की. हिरवी शाल घेतलेली ना?"

"अहो, ती दुसरी."

"बरं, मी तिच्या घरी जातो," मार्सेल म्हणाला. "ती राहते कुठे?"

एकजण दुसऱ्याकडे बघू लागला, दुसरा तिसऱ्याकडे. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आम्ही सगळे इथेच भेटतो ना, त्यामुळे..."

"वडील," मार्सेलने विचारलं, "हे मंदिर तिच्याच अंगणात उभं आहे ना?"

"हो तर! तिने आनंदाने जागा दिली. घरसुद्धा दिलं."

"मग ती कुठे राहायला गेली?"

मंदिर उभं राहून सात वर्षं झाली होती, पण हा प्रश्न फाबियान यांना एकदाही पडला नव्हता.

दोघं तिला शोधायला निघाले. रंगाऱ्यांच्या आळीत विचारलं, बाजारात विचारलं. शेवटी बंदरामागच्या कोळ्यांच्या गल्लीत मिर्ता नावाची एक कोळीण दारात मासे साफ करत बसली होती. मिर्ता काही त्यांच्या मंडळीतली नव्हती.

"लिविया? निळ्या हातांची?" तिने मान वर न करता विचारलं. "उशीर केलास, बाबा. नऊ दिवस झाले तिला जाऊन."

"काय झालं होतं तिला?" मार्सेलने विचारलं.

"तीन आठवडे तापात होती," मिर्ता सांगत होती. "दुपारी मी थोडं कालवण न्यायचे. दोन घास खायची. गेली तेव्हा आम्ही गल्लीतल्यांनीच तिला पुरलं. तुमच्या लोकांची प्रार्थना आम्हाला येत नाही, मग नुसते हात जोडून उभे राहिलो. काय करणार? आणि तुम्ही तिचे कोण म्हणायचे?"

"भाऊ," फाबियान हळूच म्हणाले.

मिर्ताच्या हातातली सुरी थांबली. तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे खरंच होते?"

"काय खरंच होते?"

"ती रोज म्हणायची, मिर्ता, याच नगरात माझे तीनशे भाऊबहीण आहेत, आज कुणीतरी येईल बघ. मला वाटलं, म्हातारी तापात बरळतेय. मागेपुढे कुणी नसलेलं माणूस, बोलतं काहीबाही. मीही म्हणायचे, हो गं, येतील हं. तिला बरं वाटावं म्हणून म्हणायचे." मिर्ताने ओल्या हाताने कपाळ पुसलं. "आणि तुम्ही खरंच होता?"

फाबियान त्या ओल्या, खवल्यांनी भरलेल्या जमिनीवर तिच्यासमोर बसले. लिवियाला सांगायला मार्सेलने अकरा दिवस जपून आणलेलं बोलणं ऐकायला आता कुणी उरलं नव्हतं.

त्याच दुपारी फाबियान यांनी निरोप धाडून मंडळीला पुन्हा बोलावलं. ते पुढे उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "बंधूंनो आणि..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. मग त्यांनी मिर्ताचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही.



एक व्यापारी उठला. "वाईट झालं. पण तिने कुणाला सांगितलं असतं, तर आपण गेलोच असतो."

"तीन आठवडे सांगतच होती," फाबियान म्हणाले. "ऐकायला मिर्ता होती."

व्यापारी खाली बसला.

मग मार्सेल बोलला. त्याने एवढंच विचारलं, "आज इथे कोण कोण आलेलं नाही?"

तीनशे माणसांत एकालाही ते सांगता आलं नाही. त्या क्षणी सगळ्यांना खरा धक्का बसला. गेली ती एक लिविया होती. पण आणखी किती घरांत कुणी दाराकडे डोळे लावून पडलंय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

माणसं उठली आणि गल्लोगल्ली पांगली. दिवस मावळेपर्यंत त्यांना एक पाथरवट सापडला. त्याची दृष्टी जाऊन सहा महिने झाले होते. एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड राहणारे दोन शेजारी सापडले. आपण दोघं एकाच मंदिरात जातो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आणि गोदीमागच्या झोपडीत तान्ह्या लेकरासह तापाने फणफणलेली एक ओली बाळंतीण सापडली. वैद्य म्हणाला, "आणखी दोन दिवस गेले असते, तर माझा उपयोग नव्हता." ती जगली आणि लेकरूही जगलं.

पुढे सगळं काही गोड झालं, असं नाही. काही घराणी रागावून निघून गेली. "उठसूट दारात येऊन कोण चौकशी करणार?" असं ती म्हणाली. त्यांनी दुसरीकडे आणखी सुंदर मंदिर बांधलं. उरलेल्यांनी मात्र आळीआळीचे गट केले आणि आठवड्यातून दोनदा एकमेकांच्या घरी जेवायला बसू लागले. कुणाच्या घरी नुसती पेज असे, कुणाकडे मासळी. कुणी पाहुणा आला की आंधळा पाथरवट आवाजावरून सगळ्यांची नावं सांगे. व्यापाऱ्याने झोपडीतल्या त्या बाळंतिणीला आपल्या घरची एक खोली दिली. पहिल्या दिवशी तो दारात अवघडून उभा राहिला. तिचं नाव विचारायचं राहून गेलंय, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मग त्याने ते विचारलं.

बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, आजही आपली मंदिरं भरलेली असतात आणि गाणी गोड असतात. पण शेजारी बसलेलं माणूस कुठून आलं आणि परत कुठे जातं, हे आपण विचारतो का?

तात्पर्य : ज्याचं घर आपल्याला ठाऊक नाही, त्याला भाऊ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.