चौदा वेळा निघालेला हात

"आता यात काय चुकलं, बाई?"

शलाकानं मोबाइल तानूबाईंच्या पुढ्यात धरला होता. आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं, पण तो खाली येत नव्हता. हा पाचवा व्हिडिओ होता. आधीचे चार बाईंनी शेवटपर्यंत पाहिले होते आणि चारही वेळा मान हलवून मोबाइल परत दिला होता.

तानूबाई मुलांच्या खाऊच्या वाट्या विसळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय बी न्हाई."

"मग सही करा ना."

"न्हाई."

"का?"

तानूबाईंनी एक वाटी पालथी घातली.

"बाई, उद्या संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होतंय. तुमची सही आणि हा व्हिडिओ, एवढंच राहिलंय. नाही गेलं तर माझं अख्खं सत्र जाईल. सहा महिने!"

"व्हय. सांगितलंस की सकाळी."

शलाकानं डोळे मिटले आणि मनात दहा मोजले. चारवर आली तेव्हाच तिनं डोळे उघडले.

शलाका लाटकर मूळची इस्लामपूरची. पुण्यात तीन वर्षं एका कंपनीत लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकण्याचं काम केल्यावर तिनं ते सोडलं आणि लहान मुलांच्या विशेष शिक्षणाच्या ऑनलाइन पदवीला नाव घातलं. हुशार होती. व्याख्यानं दीडपट वेगानं ऐकायची, आणि तरी टिपणं इतकी नेटकी काढायची की बाकीची मुलं तिच्याकडूनच मागून घ्यायची. तीन सत्रं ती पहिली आली. शेवटच्या सत्रात मात्र पडद्यासमोर बसून भागणार नव्हतं. खऱ्या मुलाबरोबर साठ तास काम करायचं, त्या मुलानं एक ठरवलेली गोष्ट स्वतःहून केली हे व्हिडिओत दाखवायचं आणि अनुभवी शिक्षकाची त्यावर सही घ्यायची, असा नियम होता.

म्हणून ती इथं आली होती. पलूसच्या पुढं, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात.

गिरणी चालू होती तेव्हा तानूबाई तिथल्या पाळणाघरात मुलं सांभाळायच्या. गिरणी बंद झाली आणि कामगार पांगले. पण ज्या दोन-तीन पोरांना कुठलीच बालवाडी घेत नव्हती, त्यांच्या आया सकाळी पोरांना घेऊन तिथंच यायच्या. बाई कुलूप उघडायच्या. पुढं सांगलीला खेपा घालून त्यांनी डिप्लोमाही केला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आता त्या पाळणाघरात नऊ मुलं होती. आणि शलाकाच्या वाट्याला आलेली दहावी, शिफा.

शिफा चार वर्षांची. बोलत नव्हती. बोट दाखवत नव्हती. काही हवं असलं तरी मागत नव्हती. रडायची तेव्हा का रडते ते कुणाला कळायचं नाही. तिची आई यास्मिन एकेक गोष्ट समोर धरून बघायची. दूध, बिस्कीट, बाहुली, पाणी. कशानं तरी रडणं थांबायचं.

शलाकानं तिच्यासाठी आराखडा आखला होता आणि तो चांगला होता. एका कार्डावर पाण्याच्या पेल्याचं चित्र. तहान लागली की शिफानं ते कार्ड उचलायचं आणि शलाकाच्या हातात द्यायचं. कार्ड हातात पडलं की लगेच पाणी. एवढंच.

आज साठ तास पुरे झाले होते. शिफानं एकदाही कार्ड दिलं नव्हतं.

"मी सगळं बरोबर करतेय," शलाका म्हणाली. "उजेड बरोबर आहे. टेबलाची उंची बरोबर आहे. सूचना छोटी आहे, स्पष्ट आहे. तीच करत नाही तर मी काय करू? व्हिडिओत यश नाही, मान्य. प्रयत्न दिसतोय की नाही माझा?"

"लई दिसतोय."

"मग?"

तानूबाईंनी शेवटची वाटी पालथी घातली. पदराला हात पुसला.

"लाव बघू पुन्हा."

शलाकानं व्हिडिओ लावला. टेबलाच्या डाव्या बाजूला ती स्वतः, उजव्या बाजूला शिफा, मधे कार्ड. शलाका हसतमुखानं विचारत होती, "शिफा, पाणी हवंय? कार्ड दे."

"आवाज बंद कर."

तिनं आवाज बंद केला.

मग तानूबाईंनी एक विचित्र गोष्ट केली. आपला ओलसर तळवा त्यांनी मोबाइलच्या डाव्या अर्ध्या भागावर ठेवला. शलाका दिसेनाशी झाली. उरली शिफा, टेबल आणि कार्ड.

"आता बघ."

"काय बघू? ती तर नुसती..."

"बघ म्हनलं नव्हं?"

शलाका बघू लागली.

शिफा बसली होती. कार्डाकडं बघत नव्हती. कुठंच बघत नव्हती. काही होत नव्हतं.

...

मग तिचा उजवा खांदा किंचित हलला. मांडीवरची बोटं सुटी झाली. तळवा हळूच वर आला, टेबलाच्या कडेला टेकला, कार्डाच्या दिशेनं दोन बोटं सरकली...

आणि थांबली. हात माघारी गेला. मांडीवर जाऊन पडला.

"इथं का थांबली?" शलाकानं विचारलं.

तानूबाईंनी तळवा जरासा उचलला. खाली शलाकाचं तोंड उघडं होतं. ती सूचना पुन्हा देत होती.

बाईंनी तळवा परत ठेवला.

...

खांदा हलला. बोटं सुटली. हात टेबलाच्या कडेशी आला. थांबला. माघारी गेला.

...

पुन्हा.

शलाका खाली बसली. तिनं मोबाइल मांडीवर घेतला, पण बाईंचा तळवा काढला नाही. अकरा मिनिटांचा तो व्हिडिओ तिनं तसाच पाहिला. ती मनात मोजत होती. या खेपेला तिनं शेवटपर्यंत मोजलं.

"चौदा," ती म्हणाली.

"हं."

"चौदा वेळा निघाली होती ती."

गिरणीच्या पत्र्यावर कबुतरं पंख फडफडवत होती.

"तिला उचलायला वेळ लागतो. आणि मी मधेच पुन्हा सांगते, मग तिला पहिल्यापासून सुरू करावं लागतं... बरोबर ना?"

"तुज्या अभ्यासात न्हाई व्हय हे?"

शलाकाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"आहे," ती हळू म्हणाली. "सूचना दिल्यावर मुलाला किती वेळ द्यायचा, यावर मी निबंध लिहिलाय."

"किती मार्क?"

"...वीसपैकी एकोणीस."

तानूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या हसल्या नाहीत. खरोखरच वैतागल्या होत्या.

त्या वैतागानं शलाकाचाही बांध फुटला. "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? तुम्हाला दिसत होतं! चार व्हिडिओ वाया गेले माझे. तीन आठवडे मी रोज येते इस्लामपूरहून, दोन बसा बदलून. एका वाक्यात सांगता आलं असतं तुम्हाला!"

"तू इचारलंस कवा?"

"रोज विचारत होते!"

"सही इचारत हुतीस."

शलाकानं ट्रायपॉड आवरला, पिशवी खांद्याला लावली आणि 'येते' न म्हणता निघून गेली. बसमध्ये तिला रडू आलं. ते रागाचं होतं की कशाचं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ती वेळेआधी आली.

साडेदहाला तिनं शिफाला टेबलापाशी बसवलं. मोबाइल ट्रायपॉडवर लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मोबाइलकडं पाठ केली. पाण्याचा पेला शिफाला दिसेल असा आपल्या बाजूला ठेवला. मधे कार्ड. हवेत उकाडा होता आणि शिफा नुकतीच अंगणात घसरगुंडी खेळून आली होती.

"शिफा, पाणी हवंय? कार्ड दे."

एकदाच म्हणाली. मग गप्प बसली.

...

गप्प बसणं इतकं अवघड असतं हे तिला माहीत नव्हतं. पाच सेकंदांत तिच्या घशाशी शब्द आले. तिनं जीभ दातांत धरली. समोर शिफा खिडकीकडं बघत होती, जणू काही कुणी बोललंच नव्हतं. आपण उगीच बसलोय, असं शलाकाला वाटलं. हिनं ऐकलंच नसेल. ही आज काही करणार नाही. पाच वाजता पोर्टल बंद होणार.

...

खांदा हलला.

शलाका हलली नाही.

बोटं सुटली. तळवा टेबलाच्या कडेला टेकला. दोन बोटं सरकली. थांबली.

सांग, सांग, तिला धीर दे, असं शलाकाचं सगळं अंग म्हणत होतं.

...

बोटं पुढं आली. कार्डाच्या कोपऱ्यावर टेकली. कार्ड टेबलाला चिकटून बसलं होतं, ते एकदा निसटलं. शिफानं नख घालून ते पुन्हा उचललं. मग तिनं हात लांब केला आणि शलाकाच्या उघड्या तळव्यावर कार्ड ठेवलं. वर एक बारीकशी थाप मारली. हे घे, अशी.

शलाकानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं पेला पुढं केला.

शिफानं तो दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा पिऊन टाकला. हनुवटीवरून ओघळ गळ्यात गेला. रिकामा पेला तिनं टेबलावर आपटला.

दारात काहीतरी पडल्याचा आवाज आला. यास्मिन मुलीला न्यायला लवकर आली होती. तिची पिशवी हातातून सुटली होती. ती उंबऱ्यावरच बसली.

"तिनं मागितलं?" तिनं विचारलं.

"हो."

"पाणी मागितलं तिनं?"

"हो, यास्मिनताई."

यास्मिननं ओढणी तोंडावर दाबली. "चार वर्षं मी अंदाजानंच पाजत होते हो..." तानूबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिल्या.

शलाकाचे डोळे भरून आले होते. ती उठली, नाक पुसलं आणि मोबाइल हातात घेतला.

आणि तशीच उभी राहिली.

व्हिडिओ सहा सेकंदांचा होता.

ती सूचना देऊन गप्प बसल्यावर लगेचच एक फोन आला होता. आवाज बंद असल्यानं कळलं नव्हतं, पण त्या फोननं रेकॉर्डिंग थांबलं होतं. फोन अभ्यासक्रमाच्या कार्यालयातून होता. खाली त्यांचा निरोपही होता. 'आपला व्हिडिओ अद्याप प्राप्त झालेला नाही. कृपया त्वरा करावी.'

"नाही," शलाका म्हणाली. "नाही, नाही, नाही."

तिनं रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. पेला भरला. कार्ड टेबलावर ठेवलं आणि शिफाच्या समोर सरकवलं.

"शिफा, पाणी हवंय? कार्ड दे."

थांबली. व्यवस्थित थांबली. अर्धा मिनिट, एक मिनिट.

शिफानं कार्डाकडं पाहिलं. मग शलाकाकडं पाहिलं, सरळ तिच्या डोळ्यांत, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. आणि एका बोटानं कार्ड टेबलावरून खाली ढकलून दिलं.

शलाकानं ते उचललं. "फक्त एकदा, राणी. माझ्यासाठी."

कार्ड पुन्हा खाली गेलं.

"बाई!" शलाका दाराकडं वळली. तिचा आवाज पुन्हा चढला होता. "झालं होतं हो! तुम्ही पाहिलंत, यास्मिनताईंनी पाहिलं. आणि रेकॉर्डच झालं नाही. आता करतच नाहीये. हट्टाला पेटलीये!"

तानूबाई उंबऱ्यावरून उठल्या. टेबलाजवळ आल्या. कोपऱ्यात पडलेला शलाकाचा फॉर्म त्यांनी घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि शांतपणे सही केली. वळणदार अक्षरात, वेळ घेऊन.

"ही घे तुजी सही."

"नुसती सही घेऊन काय करू? तिनं केलेलं दिसेल असा व्हिडिओ नाही तर ती कुणी बघणारही नाही. नियम आहे."

"असंल."

शिफानं त्या दिवशी पुन्हा कार्ड दिलं नाही, आणि ती मुदत हुकली ती हुकलीच. शलाकाला पदवी पुढच्या सत्रात मिळाली, आणि आज ती शिराळ्याकडच्या एका बालवाडीत अशाच मुलांना शिकवते. हा प्रसंग ती स्वतः हसत सांगते. पण त्या सकाळी ती हसत नव्हती. घड्याळात अकरा वाजत होते, पाचला अजून सहा तास होते, आणि तिच्या हातात कार्ड होतं.

"सांगा ना बाई, काय करू? हिनं परत मागावं म्हणून मी काय करू?"

तानूबाईंनी टेबलावरचा भरलेला पेला उचलला आणि तो शलाकाच्या हातात दिला.

"तिला तहान हाय का?"

"नाही. आत्ताच तर प्यायली."

"आन् तुला?"