विणकराच्या अंगणातली भिंगरी

फार पूर्वी, माळावरचं गवत छातीला लागायचं आणि त्यातून मेंढरं निघाली की गवतच चालू लागलं असं वाटायचं, त्या काळी एका गावात दोन भाऊ होते. थोरला मेंढपाळ, धाकटा विणकर. थोरल्याच्या मेंढ्यांची लोकर धाकट्याच्या मागावर यायची आणि तिची घोंगडी होऊन पुन्हा थोरल्याच्या खांद्यावर जायची. थोरल्याचे पाय कधी थांबत नसत. धाकट्याचे पाय मागाखालच्या, विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यातून कधी वर येत नसत. तरी दोघांचा जीव एकमेकांवर होता.

वर्षातून दोनदा कळप गावाजवळून जाई. थोरला दारात उभा राहून म्हणे, "धाकट्या, चल की. एक दिवस माझ्याबरोबर चालून बघ. सूर्य कसा उगवतो ते तरी कळेल तुला."

"एवढा काठ होऊ दे दादा. पुढच्या खेपेला नक्की येतो."

"तुझ्या काठाला आणि माझ्या माळाला शेवट नाही," असं म्हणून थोरला हसत निघून जाई.

अशा कितीतरी खेपा झाल्या. मग एका खेपेला घंटांचा आवाज आला, मेंढ्यांचा वास आला, पण दारात दादा उभा राहिला नाही. कळपाबरोबरची म्हातारी मेंढपाळीण उभी राहिली.

"लेकरा, वर ये खड्ड्यातून," ती म्हणाली. "तुझ्या दादाला नदीपलीकडे ताप भरला. चौथा दिवस काही त्यानं पाहिला नाही."

धाकटा वर आला. हातातला, आडवा धागा ओवायचा धोटा हातातच राहिला. तो रडला नाही. अनवाणी पळत सुटला तो थेट मेंढपाळांच्या तळावर गेला, जसा काही दादा तिथे चुलीपाशी बसलेला सापडणार होता.

तिथे धूर होता, मेंढ्या होत्या, आणि मेंढ्यांभोवती गोल गोल पळणारी भिंगरी होती. भिंगरी ही थोरल्याची कुत्री. राखाडी रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. ती भुंकत नसे. नुसती बघायची आणि मेंढी मुकाट वळायची. धुरातून ती दिसे, नाहीशी होई, पुन्हा दिसे. धाकट्याला वाटलं, ही प्रत्येक फेरीत कुणाला तरी शोधते आहे.

"ही मला द्या," तो म्हणाला.

म्हातारीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाबा, ही दारात बसून भुंकणाऱ्यातली नाही. ही हाकणारी आहे. दिवसाला दहा कोस पळेल तेव्हा कुठे तिला भाकर गोड लागते. तुझ्याकडे काय आहे तिच्यासाठी?"

"घर आहे. अंगण आहे."

"अंगण किती कोसांचं?"

चुलीपाशी कुणीतरी हसलं. धाकट्याचा चेहरा लाल झाला. "माझी माया आहे तिच्यावर. माझ्या दादाची कुत्री आहे ती."

"माया सगळ्यांकडेच असते लेकरा. मी पायांचं विचारते आहे."

पण ज्याचं रडू अजून आत अडकलेलं आहे त्याच्याशी कोण वाद घालणार? त्यानं भिंगरीला उचलून कडेवर घेतलंसुद्धा. म्हातारीनं थोरल्याची घोंगडी आणून त्याच्या खांद्यावर टाकली. पांढऱ्या काठाची घोंगडी होती ती, धाकट्यानंच विणलेली.

"हीसुद्धा ने. आम्ही परतताना भेटूच. पण त्या घोंगडीचं एक ऐकून जा..."

धाकटा केव्हाच निघाला होता.

पहिल्या दिवशी भिंगरीनं घरातले लोकरीचे सगळे गुंडे एका कोपऱ्यात गोळा केले. धाकट्याला कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं आळीतल्या कोंबड्या गोळा केल्या. तिसऱ्या दिवशी शेजारची माळीण पदर खोचून दारात आली.

"भाऊ, तुमच्या कुत्रीनं माझी दोन्ही पोरं हौदापाशी कोंडून ठेवलीत. हलूच देत नाही."

धाकटा घाईनं चपला शोधू लागला.

"सासूबाईपण तिथंच आहेत," माळीण जरा हळू आवाजात म्हणाली. "पोरांना सोडवा आधी. त्यांचं काही एवढं नाही."

पुढे धाकट्यानं घोंगडीचे उभे धागे आळीत ताणून लावले, चिंचोक्याची खळ देऊन वाळत ठेवले आणि पाणी प्यायला आत गेला. तेवढ्यात भिंगरीला कोपऱ्यावर सात शेळ्या दिसल्या. शेळ्या घरच्या रस्त्याला होत्या, त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण भिंगरीचे पाय चार दिवस वाट बघत होते. तिनं त्या सातही शेळ्या वळवल्या आणि सरळ धाग्यांमधून हाकत अंगणात आणून उभ्या केल्या. महिनाभराचं काम तुटून लोंबू लागलं. भिंगरी मात्र शेळ्यांसमोर बसून धाकट्याकडे बघत होती. शाबासकी कधी मिळते याची वाट पाहत होती.

धाकट्यानं तिला खांबाला बांधलं. ती खांबाभोवती पळत राहिली. दोरी गुंडाळत गुंडाळत मानेशी आली. त्यानं सोडवली, तिनं पुन्हा गुंडाळून घेतली. त्याला वाटलं, ही दादासाठी झुरते आहे. माझ्यासारखीच.

मग त्यानं ती घोंगडी काढली. आणल्यापासून तिची घडी त्यानं मोडली नव्हती. शेवग्याच्या झाडाखाली त्यानं ती पसरली. धुराचा, मेंढ्यांचा, उन्हात वाळलेल्या गवताचा वास अंगणभर पसरला. त्यानं दोरी सोडली. भिंगरी घोंगडीपाशी आली, एक गिरकी घेतली आणि मधोमध बसली.

बसली ती उठली नाही.

"लागली बघा वळणाला," धाकटा माळणीला म्हणाला. "तिला दादाचा वास हवा होता."

त्यानंतर घर शांत झालं. माग पुन्हा चालू झाला. दुपारच्या वेळी मागाच्या ठेक्यात धाकट्याचा डोळा लागे, आणि मग भिंती पातळ होत. त्यातून गवत उगवून येई. मागावरच्या काळ्या कापडातून एकेक पांढरी मेंढी डोकं काढी, आळस देई आणि चालू लागे. सगळ्यांच्या पुढे दादा असे, पाठमोरा. धाकटा हाक मारायला तोंड उघडी, तर तोंडातून लोकर निघे. "जा ना," तो भिंगरीला खुणेनं सांगे, "त्याच्याबरोबर जा." भिंगरी त्या स्वप्नातही घोंगडीवर बसून असे. जागची हलत नसे.

जाग आली की तो अंगणात बघे. ती तशीच बसलेली. उभा कान रस्त्याकडे.

"भाऊ, ही झोपते कधी?" माळणीनं एकदा विचारलं. "भाकरीचे दोन घास घेते, बाकी कावळेच खातात. माझ्या कोंबड्या तिच्या नाकासमोरून जातात, बघतसुद्धा नाही. मला आधीचीच बरी वाटायची."

"शहाणी झाली आहे ती," धाकटा म्हणाला. पण त्या दिवशी त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटांना एकेक बरगडी लागली. त्यानं दूध आणलं. गूळ आणला. मांडीवर तिचं डोकं घेऊन बसला. जितकी माया करावी तितकी ती आणखी वाळत गेली. पाण्यापुरती उठायची आणि थरथरत पुन्हा घोंगडीवर जाऊन बसायची.

एके सकाळी दूरवर घंटा वाजल्या. कळप परतत होता. भिंगरीचं सगळं अंग शहारलं. पुढचे दोन पाय घोंगडीच्या काठापर्यंत सरकले. तिथे थांबले.

धाकटा पळत जाऊन म्हातारीला घेऊन आला. म्हातारी अंगणात शिरली आणि तिची नजर शेवग्याखाली गेली.

"ही घोंगडी कुणी अंथरली?"

"मी. तिला दादाचा वास यावा म्हणून."

"अरे लेकरा," म्हातारी म्हणाली. "आमच्यात घोंगडी जमिनीवर टाकली की कुत्र्याला तो हुकूम असतो. इथं बस, हे राख, मी येईपर्यंत हलू नको. पिल्लू असल्यापासून शिकवतो आम्ही. मग धनी परत येतो, घोंगडी उचलतो, झटकतो, खांद्यावर टाकतो. तेव्हा ते सुटतं. हेच सांगत होते मी तुला त्या दिवशी."

धाकटा उभाच राहिला. भिंगरी रस्त्याकडे बघत होती.

"म्हणजे ती..."

"तू तिला सांगितलंस, दादा येईपर्यंत बस. ती बसली आहे."

मग धाकटा म्हणाला, "आजी, तुम्ही उचला."

"ज्यानं टाकली त्यानंच उचलायची."

तो वाकला. त्याची बोटं त्यानंच विणलेल्या पांढऱ्या काठाला लागली आणि तिथेच अडली. खाली बघूनच तो म्हणाला, "उचलली तर मग तो येणारच नाही."

"न उचलली तरी येणार नाही," म्हातारी हळूच म्हणाली. "ही तेवढी जाईल."

धाकट्यानं घोंगडी उचलली. झटकली. गवताचं बी, राख, दादाच्या वाटेवरची धूळ, सगळं उन्हात उडालं आणि क्षणभर हवेत सोनेरी होऊन तरंगत राहिलं. त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. तेव्हा त्याला रडू आलं. इतके दिवस आत अडकलेलं सगळं रडू एकदम आलं. भिंगरी उठली, लटपटत त्याच्यापाशी आली, आणि त्याच्या हातातून भाकरीचा तुकडा घेऊन खाल्ला.

कळप गावाबाहेर आठ दिवस थांबला. शेळीच्या दुधावर भिंगरी उभी राहिली, मग चालली, मग पळू लागली. नवव्या दिवशी पहाटे कळप निघाला तेव्हा म्हातारीनं पाहिलं, तर घोंगडी खांद्यावर टाकून धाकटाही उभा होता. मागावर काठ अर्धाच विणलेला होता.

"दादाला एक दिवस देणं लागतो मी," तो म्हणाला.

तो चालला. माळाच्या कडेला धुकं होतं. त्या धुक्याला आतून उजेड लागला, मग गवताचं एकेक पातं पेटल्यासारखं झालं, आणि सूर्य मेंढ्यांच्या पाठींवरून वर आला. दादा खरं बोलत होता. खड्ड्यात बसून हे कळण्यासारखं नव्हतं. मेंढ्या ढगांसारख्या पसरत होत्या आणि भिंगरी त्या ढगांना आकार देत होती. धाकटा एक पाऊल टाकी तेवढ्यात ती दहा टाकून परत येई. इतकी सुंदर ती त्याच्या अंगणात एक दिवसही दिसली नव्हती.

दुपारपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड आले. तिसऱ्या प्रहरी तो एका दगडावर बसला तो बसलाच. कळप पुढे गेला. थोड्या वेळानं गवत हललं आणि भिंगरी आली. मागे राहिलेल्या मेंढीभोवती मारावी तशी तिनं त्याच्याभोवती फेरी मारली, नाकानं त्याच्या गुडघ्याला ढोसलं आणि बघत राहिली.

दादा गेल्यापासून धाकटा पहिल्यांदा हसला. "आज आलो बाई," तो तिला म्हणाला. "पण रोज नाही जमायचं मला. माझे पाय विणकराचे आहेत."

संध्याकाळी तळावर लंगडत पोचल्यावर त्यानं घोंगडी म्हातारीच्या खांद्यावर ठेवली.

"ठेवून घे की, आठवण म्हणून," म्हातारी म्हणाली.

"नको. ती चालायला विणली होती. फक्त टाकलीत तर उचलायला विसरू नका."

"विणकरा, आम्हाला शिकवतोस होय?" म्हातारी म्हणाली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

तेव्हापासून वर्षातून दोनदा घंटा वाजतात. भिंगरी आळीत शिरते, कोंबड्या, पोरं आणि माळणीची सासू यांना हौदापाशी नेऊन उभं करते, धाकट्याभोवती एक फेरी मारते आणि वाऱ्यासारखी माळाकडे निघून जाते. धाकटाही काठ अर्धा सोडून खड्ड्यातून वर येतो आणि एक दिवस चालून येतो.

पुढे भिंगरीला पिल्लं झाली, आणि कळप गावाभोवती चरायला थांबला तेव्हा ती गावानं पाहिली. भिंगरीचा वेग पाहून गावातल्या अनेकांना पिल्लू हवंसं वाटलं, आणि म्हातारीनं त्यांना धाकट्याकडे पाठवलं. धाकटा कुणालाच नाही म्हणत नसे. तो एवढंच सांगे, "उद्या पहाटेपासून कळपाबरोबर चाल. आठ दिवस चाललास आणि तरी हवं वाटलं, तर घेऊन जा." दुकानदार पहिल्याच दुपारी परत आला. पाटलाचा मुलगा घोडा मागू लागला. एक जासूद होता, गावोगाव निरोप पोचवणारा, तो मात्र नवव्या दिवशी धुळीच्या पायांनी दारात आला. पिल्लू त्याच्या मागे नव्हतं. त्याच्या पुढे पळत होतं.

तात्पर्य: मुकं जनावर घरी आणण्याआधी त्याचा दिवस आपल्या दिवसात मावतो का ते पाहावं. माया कितीही असली तरी त्याच्या वाटचं पळणं ती पळू शकत नाही. आणि ज्याला आपण पुरत नाही त्याला त्याच्या वाटेला लावून देणं, हीसुद्धा मायाच असते.