विमानात मागे कोण बसणार?

माळवंडीचे राजे जयाजीराव पुन्हा विमान उडवायचं म्हणून हटून बसले, आणि संस्थानचे डॉक्टर घैसास काही केल्या त्यांना तब्येतीचा दाखला देईनात!

विमान राजेसाहेबांचं स्वतःचं, दोन माणसांचं. तरुणपणी ते त्यातून मजेत हिंडायचे. मग मोठं दुखणं आलं. दुखणं गेलं, पण जाताना नजर घेऊन गेलं. परवाच त्यांनी फाटकापाशी उभ्या म्हशीला "या दिवाणजी!" म्हणून हात जोडले. खरे दिवाणजी शेजारीच होते. म्हणाले, "काय हा सरकारांचा विनय!"

भर दरबारात राजेसाहेब कडाडले, "डॉक्टर, उद्या आम्हाला उड्डाणाला लायक ठरवा! खोटा दाखला दिलात तर हद्दपार. आम्हाला खोटं खपत नाही. आणि आम्हाला नालायक म्हणालात, तरी हद्दपार!"

"वा! काय न्याय!" दरबारी एका सुरात म्हणाले.

डॉक्टर दवाखान्यात येऊन सामान बांधू लागले. तिथे मलमपट्टी करणाऱ्या आवडाबाईने त्यांची पेटीच धरून ठेवली. पंचक्रोशीत दुसरा डॉक्टर नाही, आणि घरी लेकीचा ताप अजून पुरता उतरला नव्हता.

"डॉक्टरसाहेब, पेटी राहू द्या. उद्या मी बोलते."

"तुम्ही काय बोलणार?"

"ते अजून मलाही ठाऊक नाही!"

सकाळी मैदानावर विमान धुऊनपुसून उभं होतं. आवडाबाई पुढे झाली. "सरकार, शंका एकट्या डॉक्टरांना. अख्खा दरबार तर म्हणतो, सरकारांची नजर घारीची! मग त्यांच्यातल्याच कुणी मागे बसावं. दोघं सुखरूप उतरलात, की दाखला तयार!"

"एवढंच? दिवाणजी, चला!"

दिवाणजींनी लगेच कंबर धरली. "सरकार, उसण भरलीय हो!"

"सेनापती?"

"मला पाटावर चढलं तरी घेरी येते, सरकार!"

राजेसाहेबांना गरुड म्हणणाऱ्या राजकवींना तर अशी उचकी लागली की थांबेचना.

राजेसाहेब संतापले. "बाई, आता तूच सांग! आम्ही लायक की नालायक?"

आवडाबाई म्हणाली, "सरकार, तो शब्द मी आपल्याला कसा लावू? तो या मंडळींनी आपण होऊन स्वतःला लावून घेतलाय! आता एवढ्या नालायकांच्या हाती संस्थान सोपवून आपण एकट्यानं वर जायचं, की इथंच राहायचं, ते सरकारांनीच ठरवावं!"

राजेसाहेबांनी डोळे बारीक करून विचारलं, "आणि तू बसशील आमच्या मागे?"

"बसेन की! विमान जमिनीवर असेल तोवर!"

राजेसाहेब पोट धरधरून हसले. हसता हसता हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी तिला दिलं. "डॉक्टर इथंच राहतील! विमानाला धड डोळ्यांचा चालक आणा, मागे आम्ही बसू. आणि बाई, ही सगळी दुखणाईत मंडळी आजपासून तुझ्या ताब्यात. काढा चांगला कडू कर!"