पुजलेली पेटी

एका गावात एक पेटी होती आणि त्या पेटीला एक राखणदार होता.

पेटी दागदागिन्यांची नव्हे, वायफायची. वीतभर, पांढरी, मागे तारा खोचायला भोकं आणि पुढे ओळीने दिवे. पाण्याच्या टाकीवर इंटरनेटची एक छत्री बसवली होती. तिथून तार खाली वाचनालयात यायची आणि या पेटीत शिरायची. पुढे पेटीपासून संगणकापर्यंत तार नाही, काही नाही, सगळा हवेतला कारभार. गाव खोल खोऱ्यात होतं. तिथे मोबाइलचा उपयोग वेळ बघायला आणि गाणी ऐकायला. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर ही पेटी, दुसरं काही नाही.

राखणदाराचं नाव बळवंतअण्णा. वाचनालयाचे कारभारी. माणूस शिस्तीचा, वेळेचा पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळं गाव म्हणायचं. पंचाईत एवढीच की अण्णा स्वतःही तसंच म्हणायचे. माकडांनी तारा ओढू नयेत म्हणून त्यांनी पेटी जाळीच्या कपाटात ठेवली होती आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या करगोट्याला.

त्याच गावात गोजराबाई राहायची. झाडावर चढून चिंचा झोडायच्या, हा तिचा धंदा. तिची मुलगी हर्षदा. या पोरीचा जनावरांवर भारी जीव. शेळी अडली की लोक हिला हाका मारायचे. करडाचा पाय मोडला तर ही बांबूच्या कांबी बांधून तो बसवायची. शहरात जनावरांचा एक मोठा दवाखाना होता. तिथे डॉक्टरांच्या हाताखाली शिकायला एक मुलगी घेणार होते. राहणं-जेवण सगळं तिथेच. मुलाखत संगणकावरून, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. वेळेला पडद्यावर दिसलात तर दिसलात, नाही तर पुढचं नाव. हर्षदाला दुसरी संधी नव्हती, आणि हे गोजराबाईला तिच्याहून जास्त ठाऊक होतं.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय असतं? खंडेनवमी. त्या दिवशी घरोघरी अवजारं पुजतात. विळे, कोयते, नांगर धुवायचे, पुसायचे, पाटावर मांडायचे, झेंडूची फुलं वाहायची. ज्याच्यावर पोट चालतं त्याला नमस्कार करायचा. चांगलीच रीत आहे, माझी काही तक्रार नाही. अण्णाही दरसाल वाचनालयातली कात्री, शिक्के, घंटा अशी पूजा मांडायचे. यंदा त्यांच्या मनात आलं, पेटीही पुजावी.

शाळेच्या मुमताजबाईंना हे कळलं. गावात संगणकाचं काही अडलं तर त्याच बघायच्या. त्या हर्षदाला घेऊन वाचनालयात आल्या.

"अण्णा, पेटीला फूल जरूर वाहा. पण तारा काढू नका. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हर्षदाची मुलाखत आहे."

"नांगर पुजताना जू सोडतात की नाही, बाई?"

"नांगराला जू कुठे लावायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. इथे पाच भोकं आहेत, अण्णा."

"बरं बरं, नाही काढत. शब्द दिला."

आणि खंडेनवमीला पहाटे, वाचनालयात कुणी नसताना, अण्णांनी तारा काढल्या. त्यांच्या वडिलांनी कधी बांधलेलं अवजार पुजलं नव्हतं, मग यांनी कसं पुजावं? पेटी पाटावर ठेवली, कुंकू लावलं, फुलं वाहिली. पूजा यथासांग झाली. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर पेटी परत कपाटात बसवायला घेतली, तेव्हा टाकीवरून आलेली मुख्य तार हातात घेऊन ते क्षणभर थबकले. एक भोक निळं, बाकीची पिवळी. ही तार कुठल्या भोकातली बरं? एका पिवळ्यात ती सहज बसली. दिवे लागले. "झालं," असं म्हणून अण्णांनी पेटीवर झेंडूची माळ सोडली आणि कुलूप लावलं.

तेवढ्यात हर्षदा दारात आली. "अण्णा, एकदा संगणक लावून बघू का?"

"आज सणाचं काय बघतेस? मी आहे ना!"

अण्णा आहेत म्हटल्यावर पोरगी निर्धास्त घरी गेली.

मुलाखतीच्या दिवशी सगळे वेळेच्या आधीच वाचनालयात हजर. हर्षदाने केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती. गोजराबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मुमताजबाईंनी संगणक लावला. कोपऱ्यात वायफायची खूण आली, पूर्ण भरलेली. बाईंनी दवाखान्याने पाठवलेली लिंक उघडली.

पडद्यावर एक गोल फिरू लागला. तो फिरतच राहिला. मग अक्षरं आली : जोडणी आहे, पण इंटरनेट नाही.

"म्हणजे काय?" गोजराबाईने विचारलं.

"म्हणजे संगणक पेटीपर्यंत पोचतोय, पण पेटी बाहेर पोचत नाही."

बाईंनी संगणक बंद करून पुन्हा लावला. तेच. जोडणी मोडून पासवर्ड नव्याने टाकला. पुन्हा खूण भरली आणि पुन्हा तीच अक्षरं. भिंतीवरचं घड्याळ पुढे चाललं होतं. हर्षदाचे तळहात ओले झाले, तिने ते ओढणीला पुसले.

बाई अण्णांकडे वळल्या. "अण्णा, खरं सांगा. पूजेला तारा काढल्या होत्या का?"

आता इथे बघा. एवढा एकच क्षण होता. 'हो' म्हणायला काय लागतं? जीभ हलवावी लागते, बस. पण दारात गाव जमलं होतं. ज्यांच्यासमोर उभा जन्म शब्दाचा पक्का म्हणून मिरवलं तीच सगळी माणसं.

"नाही," अण्णा म्हणाले. "वरूनच फूल वाहिलं. पेटी ठीक आहे. दिवे दिसतायत ना?"

दिवे दिसत होते खरे. पण माळेच्या कडेला एक दिवा तांबडा होता. अण्णांनी तो पाहिला. आणि हा भला माणूस काय करतो, तर जाळीतून बोट घालून झेंडूची माळ जरा सारखी करतो. दिवा झाकला गेला.

"मग टाकीवरची छत्री हलली असणार," बाई म्हणाल्या. "परवा वाराही होता."

"माकडं! माकडांनीच ओढली असेल," दारातून कुणीतरी म्हणालं. लगेच दुसऱ्याने वीज मंडळाला बोल लावला, तिसऱ्याने सरकारला. खोटं एकदा सुटलं की त्याला साथीदार शोधावे लागत नाहीत.

"तालुक्याला जाऊ या का?" हर्षदाने विचारलं.

"एसटी गेली गं," बाई म्हणाल्या.

गोजराबाईने पदर खोचला. "छत्री कुठल्या बाजूला वळवायची तेवढं सांगा, बाई."

"गोजराबाई, टाकीची शिडी गंजलीय. कुणी चढत नाही त्यावर."

"चिंचेला कुठं शिडी असते?" असं म्हणून ती गेलीसुद्धा.

अण्णा जागचे हलले नाहीत. सांगावं, असं त्यांना वाटत होतं. देवाशपथ वाटत होतं. पण आता सांगायचं म्हणजे एक चूक नव्हे, तीन सांगायच्या. शब्द मोडला, तार चुकवली आणि वर खोटं बोललो. मघाशी एकच कडू घोट गिळायचा होता, आता पेलाभर झाला होता. ती वर जाईल, छत्री ठीक दिसेल, खाली येईल, मग बघू, असं ते मनाला समजावत राहिले.

अकरा वाजले.

बाहेर टाकीखाली माणसं माना वर करून उभी होती. गोजराबाई अर्ध्यावर पोचली होती. ती शिडीचा एकेक गज हलवून बघायची आणि मगच पाय टाकायची. वारा लुगड्यात शिरत होता. तिने वरच्या गजाला हात घातला, पाय उचलला, आणि पायाखालचा गज निखळला. खण्‌ खण्‌ वाजत तो खाली आला आणि लोकांच्या मध्ये पडला. वर गोजराबाई दोन हातांवर लोंबकळत होती.

बायका किंचाळल्या. हर्षदा संगणक सोडून धावत बाहेर आली.

"आई! उतर! मला नाही जायचं कुठं! तू उतर आधी!"

गोजराबाईने चाचपडत पाय टेकवला. पण ती उतरेना. तिचं तोंड वरच होतं.

मुमताजबाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "हर्षदा, मला अजून पेटीचाच संशय येतोय."

"नाही, बाई," हर्षदा रडत म्हणाली. "अण्णा म्हणाले ना पेटी ठीक आहे. म्हणजे ठीकच असणार. अण्णा कशाला खोटं बोलतील?"

पोरीने सहज म्हटलं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण गर्दीच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या अण्णांना ते एक वाक्य झोंबलं. गावाने शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी उलट शिव्या दिल्या असत्या. विश्वासाला काय उलट बोलणार?

ते गर्दी सारून पुढे आले आणि ओरडले, "गोजरा, उतर! वर काही बिघडलेलं नाही! बिघाड माझ्याकडं आहे! तारा मी काढल्या होत्या!"

कुणी कुणाकडे बघेना.

गोजराबाई शिडीला धरून खाली बघत राहिली. मग वरूनच म्हणाली, "अण्णा, आधी तार लावा. शिव्या मी खाली येऊन देते."

अण्णा धावले. करगोट्याची गाठ सुटेना, त्यांनी तो हिसका देऊन तोडला. कपाट उघडलं. माळ ओरबाडून काढली. तांबडा दिवा सगळ्यांनी पाहिला. बाईंनी पिवळ्या भोकातली तार उपसली आणि निळ्यात खोचली. सगळे श्वास धरून उभे राहिले. दिवा तांबडाच. अजून तांबडाच. मग तो विझला, लुकलुकला आणि हिरवा झाला. डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढंच काम होतं हो! एवढ्यासाठी एक बाई टाकीला लोंबकळली.

हर्षदा धावत संगणकापुढे आली, बाईंनी लिंक पुन्हा उघडली आणि पडद्यावर एक करड्या केसांच्या डॉक्टरबाई दिसल्या. त्या कागद आवरत होत्या.

"तुमची वेळ होऊन गेली," त्या म्हणाल्या. "उशीर का झाला?"

अण्णांचं नाव घ्यायला हर्षदा मोकळी होती. कुणी तिला दोष दिला नसता.

"आमची तार चुकीच्या जागी होती, मॅडम. मी काल तपासून बघायला हवं होतं. नाही बघितलं."

"पोरीचं ऐकू नका!" अण्णा पुढे सरसावले. त्यांचं तोंड पडद्यावर भलतंच मोठं दिसलं असणार. "तिनं विचारलं होतं, मीच नको म्हणालो. तार मी चुकवली. आणि विचारल्यावर खोटं बोललो. या सगळ्यांसमोर बोललो. शिक्षा करायची तर मला करा, तिला नको."

अण्णांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. लाज वाटत होती आणि मोकळंही वाटत होतं.

डॉक्टरबाईंनी आवरलेले कागद पुन्हा उघडले.

"जनावराला बोलता येत नाही, हर्षदा. औषध चुकलं तर ते तक्रार करत नाही. चूक आपणच सांगावी लागते आणि वेळेत सांगावी लागते. मला असं सांगणारी माणसं हवी आहेत. बस. शेळी अडली तर आधी काय बघशील, ते सांग."

हर्षदा बसली आणि बोलू लागली. तोवर गोजराबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या तळहातांवर गंज आणि रक्त होतं. ती लेकीचं बोलणं ऐकत होती. शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या.

ती जागा हर्षदाला मिळाली. जायच्या दिवशी एसटीपर्यंत तिची पेटी-वळकटी अण्णांनी वाहून नेली.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी वायफायची पेटी पुजली, पण जागेवरच, तारांसकट आणि चारचौघांसमोर. निळ्या भोकापाशी कुंकवाचा ठिपका लावला. कपाटाची किल्ली आता दाराजवळच्या खुंटीला असते. आणि त्या गावात अजून कुणी कशाचा दोष भलत्यावर ढकलू लागलं की म्हातारी माणसं एवढंच म्हणतात, "आधी घरची पेटी उघड, मग टाकीवर चढ."

तात्पर्य: बिघाड शोधायचा तर आपल्यापासून सुरुवात करावी, आणि चूक आपली आहे हे कळताच बोलावं, कारण आपण गप्प बसलो की गंजलेल्या शिडीवर दुसऱ्यालाच चढावं लागतं.