चौथ्या मजल्याची मागणी

पुण्यातल्या एका कंपनीने दवाखान्यांसाठी तयार कोडची लायब्ररी बनवली होती. पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत काम करणाऱ्या प्रोग्रामरना तिच्यातून पेशंटचा नंबर लावता येई आणि रद्दही करता येई. पीएचपी या दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्यांना मात्र नुसता लावता येई. त्यामुळे पीएचपीवर दवाखाना चालवणारे सांगलीकडचे डॉक्टर, नंबर रद्द न करता आल्याने, घरी झोपलेल्या पेशंटची वाट बघत बसत.

पीएचपीचं काम बघणारी शलाका तांबट, रद्द करायची सोय पीएचपीतही द्या म्हणून, वर्षभर साहेबांच्या मागे लागली होती. पण गजेंद्रगडकर साहेबांचं उत्तर ठरलेलं. "तुझी पीएचपी वापरतंय कोण? मागणी नाही तिथे मेहनत नाही." आता तर पीएचपी बंदच करायला त्यांनी मीटिंग लावली.

त्यात आठवडाभर ऑफिसची लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबत नव्हती, आणि साहेबांची केबिन नेमकी चौथ्यावर. तिसऱ्यावर उतरून एक जिना चढतानाही साहेबांना धाप लागे. मीटिंगला ते घाम पुसतच आले आणि लिफ्ट आजच्या आज दुरुस्त करायचं फर्मान सोडलं.

शलाका शांतपणे म्हणाली, "कशाला, सर? मी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. आठ दिवसांत चौथ्यावर लिफ्टमधून एकही माणूस उतरलेला नाही. मागणीच नाही."

"अगं, लिफ्ट थांबतच नाही तर माणूस उतरणार कसा?" साहेब कडाडले.

शलाकाने पेन उघडलं. "हे लिहून घेते, सर. सांगलीचे डॉक्टर वर्षभर हेच म्हणताहेत."

साहेबांनी अख्खा ग्लास पाणी संपवलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "पीएचपीला किती दिवस लागतील?"

"लिफ्ट सुरू व्हायच्या आत देते, सर."