एका दवंडीत म्हातारं झालेलं गाव

महाराज भैरोजीराजांना चौसष्टावं लागलं आणि सगळं मोहरपूर एका दवंडीत म्हातारं झालं!

दवंडी अशी होती : "ऐका होऽ ऐका! साठी उलटलेल्या घरमालकांना आजपासून घरपट्टी माफ! त्यांनी गाव उभं केलं, आता सुखानं बसावं! येणारी तूट तरुण मालकांनी भरून काढावी होऽ!" राजवाड्याचे मालक चौसष्टीत, तेव्हा राजवाड्यालाही माफी. महाराज मोठे न्यायी!

त्या दिवसापासून बाजारात कलपाला कुणी विचारीना आणि चुन्याचा भाव चढला. पन्नाशीतले गडी मिशांना चुना फासून कमरेत वाकून चालू लागले. अकरा घरांचे मालक गुलाबशेठ सराफ आदल्या दिवसापर्यंत तालमीत जोर काढत होते. तेच काठी टेकत कचेरीत आले आणि म्हणाले, "एकसष्ट पुरी! मोठ्या पुरात मी पोहून नदी पार केली होती!" पूर नक्की कधी आला हे विचारायची कारकुनाची छाती नव्हती, कारण तोही शेठच्याच घरात भाड्यानं राहत होता.

बघता बघता गावात तरुण म्हणावेत असे सातच घरमालक उरले. त्यांतली एक तुळजा कासारीण. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, राघूनं, गावोगाव बांगड्या भरून वेशीजवळ दोन खणांचं घर बांधलं होतं. अवघ्या गावाची पट्टी सात घरांवर आली आणि शिपाई तुळजाच्या दारात उभा राहिला. "आठ दिवसांत भरा, नाहीतर दार काढून नेणार!"

तुळजाचा त्या दारात जीव होता. ती तडक दरबारात गेली.

"तुला आमच्या म्हाताऱ्यांचा हेवा वाटतो?" महाराज गरजले.

"हेवा कशाचा, सरकार? माझ्या शेजारच्या राधाक्का पंच्याऐंशीच्या. वाती वळून पोट भरतात. त्यांची पट्टी मी हसत भरीन. पण गुलाबशेठच्या अकरा घरांची मी का भरू? त्यांतल्या एकातही मला कुणी पाणी विचारत नाही!"

दरबारात दोघं-तिघं उगाच खोकले. महाराज मात्र हट्टाला पेटले. "फार बोलतेस! दार वाचवायचंय ना? मग साठी उलटलेला एक घरमालक असा आण, जो भर दरबारात, कुणी न धमकावता, स्वतःच्या तोंडानं म्हणेल, 'मी म्हातारा नाही!' आणलास तर दवंडी मागे घेईन. नाहीतर दाराबरोबर छप्परही जाईल!"

सरदार खो खो हसले. माफी सोडून तरुण व्हायला कोण वेडा तयार होणार?

तुळजानं सात दिवस गाव पालथं घातलं. "शेठ, तुमचे दंड अजून काय दांडगे!" असं म्हटलं की गुलाबशेठ लगेच कण्हायला लागत. सातव्या दिवशी तिला रडूच कोसळलं. राघू म्हणाला, "दार आपणच काढून ठेवू का? निदान बिजागऱ्या तरी शाबूत राहतील."

"तुम्ही गप्प बसा!" म्हणून ती बाजारात गेली. तिथं कलपवाला माश्या मारत बसला होता.

"धंदा बसला का हो भाऊ?"

"बसलाच. आता एकच गिऱ्हाईक उरलंय," कलपवाला हळूच म्हणाला. "नाव विचारू नकोस, पण डबी न्यायला राजवाड्यातली दासी येते."

तुळजानं डोळे पुसले आणि घरी जाऊन बांगड्यांची पेटी उघडली.

आठव्या दिवशी दरबार खच्चून भरला. सिंहासनाशेजारी चिकाच्या पडद्याआड धाकट्या राणीसाहेब बसल्या होत्या. लग्नाला दोनच महिने झाले होते.

"आणलास का घरमालक?" महाराजांनी काळ्याभोर मिशीवर ताव दिला.

"आणलाय, सरकार. पण कासारीण राजवाड्यात आली की आधी बांगड्या भरते. तेवढं होऊ द्या."

ती चिकापाशी बसली. पडद्याखालून एक हात बाहेर आला. तुळजानं तो हलकेच दाबत डझनभर हिरव्या बांगड्या चढवल्या, एकही पिचू दिली नाही. मग वळून म्हणाली, "वीस-बाविशीचा हात हो! आजोबा, नातीला कुठलं स्थळ बघितलंत?"

सरदार पगड्यांआड तोंडं लपवू लागले.

"आजोबा?" महाराज ताडकन उठले. "अगं, राणी आहे ती माझी!"

"अगंबाई, राणीसाहेब! मी फक्त हात बघितला, सरकार. आणि दवंडी तुमचीच, साठीच्या पुढच्यांनी सुखानं बसावं. मग उठलात कशाला? गुडघे धरतील! अरे, कुणीतरी महाराजांना काठी आणा रे!"

चिकाआड कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"काठी? मला? काल सकाळी चार कोस घोडा फेकलाय मी! मी म्हातारा नाही!"

तुळजानं हात जोडले. "झालं, सरकार! साठी उलटलेला घरमालक, भर दरबारात, कुणी न धमकावता, स्वतःच्या तोंडानं! लिहून घ्या हो, कारकून!"

महाराज ओरडले, "हे... हे कपट आहे!"

"मग शब्द मागे घ्या. मी लगेच दवंडी पिटते, महाराज म्हातारे झाले होऽ! राणीसाहेबांना तर इथूनच ऐकू जाईल."

महाराजांनी चिकाकडे पाहिलं. मग तुळजाकडे पाहिलं. त्यांची मिशी थरथरली आणि ते पोट धरून हसत सुटले. "नको, नको! राजवाड्याची पट्टी सगळ्यांत आधी घ्या!"

गुलाबशेठ काठी टेकत पुढे आले. "महाराज तरुणच आहेत, प्रश्नच नाही! पण मी खरोखरचा एकसष्ट..."

"शेठ," तुळजानं विचारलं, "तुम्ही महाराजांहून थोरले की धाकटे?"

"धाकटा," शेठ पुटपुटले.

"अहो, चौसष्टीतले महाराज जर तरुण, तर तुम्ही अजून पाळण्यात! माफी महाराजांहून थोरल्यांना, म्हणजे राधाक्कांना. आणि ती काठीही त्यांनाच द्या. त्यांना खरंच लागते!"

महाराज इतके हसले की त्यांना सिंहासनाचा हात धरावा लागला. "तसंच लिहा!" त्यांनी हुकूम सोडला. महाराजांहून थोरले असे सगळ्या गावात पाचच निघाले. बाकीचे घरी जाऊन चुना धुऊ लागले.

धाकट्या राणीसाहेबांनी चिक बाजूला सारला, हातातल्या सोन्याच्या पाटल्या उतरवल्या आणि तुळजाचा हात आपल्या हातात घेतला. कासारणीलाच बांगड्या भरल्या गेल्याचं मोहरपुरानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं!